ठसे उठावेत, तडे नाहीत : खानदेशच्या हवेत मातीची भांडी सजवताना

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, घागरींची मागणी निघते ती नेमकी हवा कोरडीठाक असताना. फाल्गुन-चैत्रात सकाळी चाकावरून उतरवलेल्या घागरीचा काठ दुपारपर्यंत पांढरा पडायला लागतो. साधी घागर एवढं सोसून नेते. तिच्या खांद्यावर ठशांची ओळ काढली असेल, तर दोन-तीन दिवसांत एखाद्या ठशाच्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघालेली दिसते आणि आव्यातून, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीतून, बाहेर येईपर्यंत तिची चीर झालेली असते.

मग कोणी ठशाला दोष देतं, कोणी मातीला, कोणी भट्टीला. बहुतेक वेळा कारण साधं असतं. ठसा दाबला की तिथली भिंत पातळ होते. पातळ जागा आधी सुकते आणि आधी आकसते. शेजारची जाड माती अजून ओली असते, ती जागची हलत नाही. या ओढाताणीत माती जिथे कमजोर असेल तिथे सुटते, आणि धारदार कोपऱ्याचा ठसा अशी कमजोर जागा आपल्या हाताने तयार करून देतो. खाली सांगितलेलं सगळं या एका ओढाताणीला आवर घालण्यासाठी आहे.

खानदेशात भांडी सजवण्याची हौस काही आजची नाही. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे गावी १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, गिरणाकाठच्या बहाळलाही झालं. दोन्हीकडे ताम्रपाषाणयुगातली रंगवलेली खापरं मिळाली. रंगाच्या नक्षीत एक सोय असते, भिंतीची जाडी बदलत नाही. ठशात ती बदलते, म्हणून एवढा खटाटोप.

आधी माती तपासा

आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते, भेगेत हात जाईल इतकी. पाणी पिऊन फुगणारं आणि सुकताना तितकंच आकसणारं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज तिच्यात भरपूर असतं. नुसत्या काळ्या मातीचं भांडं केलं तर तेच घरात घडतं. म्हणून नदीकाठची गाळाची, जरा रेताड माती तिच्यात मिसळावी लागते. किती, ते गावागणिक बदलतं. पांझरेकाठचं प्रमाण यावलच्या मातीला चालेलच असं नाही, तेव्हा दुसऱ्याचं प्रमाण उसनं घेऊ नका. आपल्या मातीची पट्टी पाडून बघा.

मळलेल्या मातीची १२ सेंटीमीटर लांब, ३ रुंद आणि १ जाड अशी पट्टी करा. तिच्यावर सुईने बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारा. सावलीत पूर्ण सुकू द्या आणि रेघ पुन्हा मोजा. ९.३ भरली तर माती ७ टक्के आकसली. ५ ते ८ टक्क्यांत असलेल्या मातीवर ठसे बिनधास्त घ्यावेत. १० टक्क्यांच्या पुढे गेली तर तिच्यात काहीतरी 'हाड' घालायला हवं. सर्वात भरवशाचं हाड म्हणजे भाजलेल्या खापराचा चुरा. फुटकी मडकी कुटायची, रव्याच्या चाळणीतून चाळायची आणि १०० भाग सुक्या मातीला १५ ते २० भाग चुरा घालायचा. चुरा एकदा भाजून निघालेला असल्यामुळे सुकताना तो आकसत नाही, भांड्याचं एकूण आकसणं कमी करतो, शिवाय आतलं पाणी बाहेर यायला वाट देतो. चुरा जाडाभरडा राहिला तर ठशाच्या बारीक रेषांत खडे अडकतात आणि रेघ तुटक येते. नक्षी नाजूक असेल तर चुरा मैद्याच्या चाळणीतून घ्या.

जुने कुंभार घोड्याची लीद आणि राख घालतात तेही याच कामासाठी. लिदीतले बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून जातात. मोठ्या घागरीला लीद उत्तम. पण ठसा अगदी रेखीव हवा असेल तिथे तंतू ठशाबरोबर ओढले जातात, कड फाटल्यासारखी दिसते. अशा कामाला खापराचा चुराच बरा.

दुसरी गोष्ट चुनखडीची. आपल्या काळ्या जमिनीत चुन्याचे पांढरे खडे सर्रास असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, पुढे तो हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि वरची माती उडवतो. भांडं भट्टीतून चांगलं निघालं आणि आठवड्याने त्यावरचा टवका उडाला, खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला, तर तो ठशाचा दोष नाही. यावर उपाय एकच: माती कोरडी करून फोडायची, भरपूर पाण्यात भिजवून पातळ करायची आणि बारीक जाळीतून किंवा सुती कापडातून गाळायची. खडे वेचून भागत नाही, त्रास देणारे कण मोहरीपेक्षाही लहान असतात.

गाळलेली माती पाणी निथळल्यावर गोणपाटात गुंडाळून निदान आठवडाभर मुरू द्या. मग मळा. मळण्यात कुचराई झाली तर आत हवा राहते, आणि नेमक्या त्या जागी ठसा पडला की बाजूला फुगवटा येतो. असा फुगवटा आला तर दाबून लपवू नका. सुईने टोचा, हवा जाऊ द्या आणि मग बोटाने बसवा.

ठसा कसा असावा

दुकानातला चकचकीत प्लास्टिकचा ठसा दिसायला छान असतो, पण ओल्या मातीला तो घट्ट चिकटतो आणि उचलताना कडेची माती घेऊन येतो. चिकटून उचलली गेलेली ती बारीक कड म्हणजे तड्याचं बीज. ठसा सच्छिद्र हवा: भाजलेल्या मातीचा, बिनपॉलिशच्या सागाचा किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा. असा ठसा टेकताक्षणी मातीच्या पृष्ठभागावरचं थोडं पाणी पितो आणि सहज सुटतो. माझं मत विचाराल तर आपल्याच मातीचे ठसे घडवून भाजून घ्यावेत. बोटाएवढी जाड कांडी करायची, सपाट टोकाला नक्षी कोरायची, सुकवायची, पुढच्या आव्यात इतर भांड्यांच्या पोटात ठेवून भाजायची. ठसा सुकताना नक्षीही थोडी आकसते, तेवढी आधीच मोठी कोरून ठेवा.

कोरताना तीन गोष्टी पाळा. नक्षीची उंची भांड्याच्या भिंतीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ८ मिलिमीटरच्या भिंतीला २ मिलिमीटर पुष्कळ झाली. बाजू सरळ उभ्या न ठेवता किंचित उतरत्या ठेवा, म्हणजे ठसा निघताना माती ओढत नाही. आणि टोकं गोल करा. चांदणी, त्रिकोण, चौकट, ज्या आकाराला टोक आहे त्या प्रत्येक टोकाला ताण गोळा होतो. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवला तरी टोक मरतं, नक्षी मात्र तशीच दिसते.

धातूचाच ठसा वापरायचा असेल, तर चिकटू नये म्हणून त्याला चाळलेली राख लावून झटका. गोडेतेलाचं बोटही चालतं, पण तेल जास्त झालं तर गेरू त्या जागी धरत नाही. कापडछपाईचे लाकडी ठसे बरेच जण वापरतात. त्यांची नक्षी खोल कोरलेली असते, म्हणून ते पूर्ण रुतवायचे नाहीत, वरवर टेकवायचे.

शेतातल्या वस्तूंचे ठसे तर फुकटचे. आडवी चिरलेली भेंडी पाच पाकळ्यांचं फूल देते, दाणे काढलेलं मक्याचं कणीस फिरवलं की जाळी उमटते, सुतळीने उभ्या-आडव्या रेघा येतात. एक सावधगिरी: धान्याचे दाणे किंवा बिया मातीत दाबून तशाच ठेवू नका. ओल्या मातीतलं पाणी पिऊन दाणा फुगतो आणि भोवतीची माती फोडतो. दाबा, उमटवा, काढून टाका.

कुठे मारायचा

घागरीला ठशाची जागा खांदा. तिथे भिंत बऱ्यापैकी जाड असते आणि वळण बाहेरच्या बाजूला असतं. काठाच्या अगदी लगत मारू नका. काठ सर्वात आधी सुकतो, त्यात ठशाची भर पडली की उभा तडा वरून खाली धावतो. काठ आणि पहिली ओळ यात निदान दोन बोटं अंतर सोडा. बुड आणि बुडाचं वळण यांनाही हात लावू नका, भांड्याचं सगळं वजन तिथे येतं.

मांडे भाजायच्या खापराला, चुलीवर चढणाऱ्या मडक्याला आच लागते त्या भागावर ठसा नकोच. तापणं-निवणं रोजचं असतं, आणि प्रत्येक खाच तिथे तडा जायला निमित्त होते. हौस असेल तर खापराच्या कडेला, आचेपासून दूर.

ठशांची ओळ सलग चिकटून काढली की तिकिटाच्या कडेच्या भोकांसारखी गत होते, फाटायचं ठरलं की त्याच रेषेत फाटतं. दोन ठशांमध्ये किमान भिंतीच्या जाडीइतकं अंतर ठेवा. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीतले ठसे खालच्या ओळीतल्या फटींवर येऊ द्या. सलग पट्टाच हवा असेल, तर घडवतानाच त्या जागी भिंत शेजारपेक्षा २ मिलिमीटर जास्त जाड ठेवायची. दाबल्यावर ती शेजारच्या जाडीला येते आणि सुकण्यातला फरक मुळातच कमी होतो. मला स्वतःला हाच उपाय सर्वात शहाणपणाचा वाटतो, कारण नंतर कितीही झाकाझाकी केली तरी जाडीतला फरक जात नाही.

वेळ ओळखणं

सगळं यश इथे आहे. फार ओल्या मातीवर ठसा चिकटतो आणि भिंत बसते. फार सुकलेल्यावर माती दबत नाही, फुटते. ठशाच्या कडेला बारीक केसरेघांचं जाळं दिसतं. या दोहोंच्या मधली जी अवस्था, तिला स्टुडिओवाले लेदर-हार्ड म्हणतात. ठशासाठी या अवस्थेची सुरुवात पकडायची, शेवट नाही.

ओळखायचं कसं? ओल्या मातीची चमक गेलेली असावी. अंगठा टेकवला तर माती अंगठ्याला लागू नये, जरा दाबला तर मात्र खळगा पडावा. सर्वात पक्की खूण वळकटीची. भांडं घडवताना त्याच मातीची पेन्सिलीएवढी वळकटी करून भांड्याशेजारी ठेवा. ठसा मारण्याआधी ती बोटाभोवती वळवून बघा. न तडकता वळली तर वेळ आहे. बाहेरच्या बाजूला चिरा पडल्या तर वेळ गेली. वळकटी पातळ असल्यामुळे भांड्याच्या थोडी पुढे धावते, म्हणजे ती पुरेशी आधी इशारा देते. जोडीला भिंतीच्याच जाडीची एक चकती करून ठेवा आणि पहिला ठसा नेहमी तिच्यावर मारा.

आता खानदेशी उन्हाळ्याची खरी गोम. मार्च ते मे या काळात भांड्याची बाहेरची त्वचा तासा-दोन तासांत सुकलेली वाटते, आतली माती अजून ओलीच असते. हाताला वेळ झाल्यासारखी वाटते, आपण ठसा मारतो, आणि वरची कडक त्वचा खालच्या मऊ मातीवर तडकते. यावर उपाय म्हणजे ओलावा सारखा होऊ देणं. बाहेरची चमक गेली की भांडं प्लास्टिकच्या पिशवीत पूर्ण झाकून रात्रभर ठेवा. आतलं पाणी हळूहळू बाहेर येतं, सकाळी भिंत आरपार एकसारखी लागते. त्या सकाळी ठसे मारा. "आजून वल्ली शे, ऱ्हाऊ दे," असं जुनी माणसं म्हणतात ते भांडं बघून नाही, हात आत घालून म्हणतात. बाहेरून सगळी भांडी सुकलेलीच दिसतात.

काठ जास्त सुकला आणि खांदा अजून बेताचा असेल, तर काठावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवायचा मोह होतो. पट्टी थेट मातीला लावू नका; तेवढीच जागा पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते. काठाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळा, खांदा उघडा ठेवा, बाकीचं काम वेळ करेल.

दाबणं

ठशाआधी ती जागा दाबून घट्ट करा. नारळाच्या करवंटीचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा किंवा जुनं एटीएम कार्ड घ्या आणि आतून बोटांचा आधार देत बाहेरून दोनदा-तीनदा फिरवा. मातीचे कण जवळ येतात, चाकावर राहिलेल्या बारीक रेघा मिटतात. घोटून चकाकी आणायची असेल तर तीही याच वेळी; ठशानंतर घोटलं तर कडा दबून नक्षी पुसट होते.

मग आधार. ठसा बाहेरून दाबताना आतून आधार नसेल, तर भिंत आत वाकते आणि आतल्या अंगाची माती ताणली जाते. आत पडलेली ती रेघ कोणी बघत नाही. दोन दिवसांनी तीच बाहेर येते आणि दोष ठशावर जातो. रुंद तोंडाच्या भांड्यात हात घालून ठशाच्या बरोबर मागे दोन बोटं सपाट धरा. तोंड अरुंद असेल, तर बारीक वाळू भरलेली कापडी पुरचुंडी आत धरा, ती वळणाप्रमाणे बसते. घागर थापताना आतून धरायचा दगडी गोळा असेल तर तो सर्वात छान. बोटांच्या टोकांनी आधार देऊ नका, टोकं आतून खड्डे पाडतात.

दाब एकदाच. ठसा मध्यभागी टेकवा, हलकेच वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे कलता करा, म्हणजे गोल भिंतीवर त्याच्या चारही कडा टेकतील. फिरवू नका. नीट उमटला नाही म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा मारला, तर दोन कडांमध्ये कागदाएवढी पातळ पापुद्री उरते आणि ती सुकताना सुटतेच. पुसट ठसा पुसट राहू द्या. उचलताना आधी एक कड सोडवा, मग दुसरी.

गोल भिंतीला मोठा सपाट ठसा जमत नाही. मध्यभाग खोल जातो आणि कडा टेकतच नाहीत, मग टेकाव्यात म्हणून आपण जोर करतो. घागरीला अडीच-तीन सेंटीमीटरच्या आतले ठसे ठेवा. मोठी नक्षी हवी असेल तर माती लाटून तिची सपाट पाटी करा, नक्षी तिच्यावर उमटवा आणि मग ती मातीची पाटी वाकवून भांडं घडवा. वाकवताना नक्षी बाहेरच्या अंगाला येते, ताणली जाते, म्हणून पाटी अगदी मऊ असतानाच वाकवावी लागते. हे काम गर्दीच्या दिवसांत करू नये.

सगळी ओळ मारून झाली की आत हात घालून उठलेले फुगवटे लाकडी चमच्याच्या पाठीने हलक्या हाताने बसवा. ठशाभोवती जी कड वर आली असेल तिला लगेच हात लावू नका. ओली कड कापली की फाटते. दुसऱ्या दिवशी माती जरा कडक झाल्यावर बोटाने पुसली तरी ती निघते. खाचेचा तळ फार धारदार वाटला तर किंचित ओलसर रंगाचा ब्रश एकदाच फिरवा. पाणी खाचेत साचता कामा नये.

ज्यांच्याकडे थापटणं, म्हणजे घागर बाहेरून थापायची लाकडी फळी, आहे त्यांनी एक प्रयोग जरूर करावा. थापटण्याच्या एका बाजूवर तिरप्या रेघा किंवा जाळी उथळ कोरा, आतून गोळा धरा आणि थापत जा. ठसा आणि दाब एकदम होतो, भिंत दोन्हीकडून आवळली जाते, नक्षी सगळीकडे एकाच खोलीची येते. अशी नक्षी जरा रांगडी दिसते, पण उन्हाळ्यात ठसे मारायचेच असतील तर मी याच रीतीकडे वळेन.

वेगळ्या टिकल्या किंवा पट्ट्या करून त्यांवर ठसा उमटवून त्या भांड्याला चिकटवायच्या असतील, तर टिकली आणि भांडं दोघांचा ओलावा सारखा हवा. दोन्हीकडे सुईने आडव्या-तिरप्या रेघा ओढा, त्याच मातीचा दाट घोळ लावा, मधून बाहेर दाबत बसवा. ओली टिकली सुक्या घागरीवर कधीच टिकत नाही.

गेरूचा हात द्यायचा असेल तर पातळ आणि एकदाच. घोळ खाचांत साचला की तिथली पातळ भिंत पुन्हा भिजते, आणि आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत येतो.

सुकवणं: खानदेशात ही निम्मी कला

ओल्या मातीच्या कणांमध्ये पाणी असतं. ते जाताना कण एकमेकांकडे सरकतात आणि भांडं आकसतं. कण एकमेकांना टेकले की आकसणं जवळजवळ थांबतं. त्यानंतर जाणारं पाणी कणांमधल्या पोकळीतलं असतं. म्हणून धोका पहिल्या टप्प्यात, भांड्याचा रंग गडद असेपर्यंत. रंग सगळीकडे सारखा फिका झाला की ऊन दाखवायला हरकत नाही. रंग बदलतोय, पण ठिगळा-ठिगळाने बदलतोय, काठ पांढरा आणि खांदा काळपट, असं दिसलं की समजा ओढाताण चालू झाली आहे. लगेच झाका.

ठसे मारल्यावर पहिले चोवीस तास भांडं पूर्ण झाकलेलं ठेवा. दुसऱ्या दिवसापासून झाकण थोडं सैल करा. काठ कडक झाला की भांडं पालथं घाला, म्हणजे काठाला सावली मिळते आणि बुडाला हवा. खाली वर्तमानपत्राचे दोन थर किंवा चाळलेली राख पसरा, आकसताना काठ सहज सरकला पाहिजे. खरखरीत फरशीवर तो अडकतो आणि तडकतो. रोज अर्धा फेरा फिरवा, कारण खिडकीकडची बाजू नेहमी पुढे धावते.

झाकायला प्लास्टिक चालतं, पण त्याच्या आत दव धरतं आणि थेंब नेमके ठशांत पडतात. प्लास्टिकच्या आत एक सुका सुती कपडा टाका. रावेर-यावल पट्ट्यात असाल तर केळीची पानं याहून बरी. पान गुळगुळीत असतं, मातीचं पाणी शोषत नाही, स्वतःचा ओलावा हळूहळू सोडतं. पानं भांड्यावर पसरायची आणि वरून ओलसर गोणपाट टाकायचं. गोणपाट भांड्याला थेट लागता कामा नये. पानं वाळून वळायला लागली की बदला.

जागा निवडताना धाब्याचं जुनं घर मिळालं तर दुसरीकडे जाऊ नका. मातीच्या जाड भिंतींमुळे आतलं तापमान दिवसभर फारसं हलत नाही. स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी भट्टीच असते. तिथे भांडी जमिनीलगत, भिंतीपासून दूर ठेवा. पंखा बंद. आणि कूलर असलेल्या खोलीत तर नकोच. कूलरचा झोत एका बाजूला लागतो, दुसरी बाजू मागे राहते, आणि झोताकडच्या बाजूचे ठसे बरोबर ओळीने तडकतात.

पावसाळ्यात चित्र उलटं. भांडी आठ-दहा दिवस ओली राहतात, तडे कमी जातात, ठशाला वेळही भरपूर मिळतो. कानबाईच्या किंवा पोळ्याच्या कामाला ठसे हवे असतील तर हेच दिवस सोयीचे. पोळ्याचे बैल भरीव असतात, तेवढे मात्र खालून सुईने टोचून ठेवा. पावसाळ्यातला धोका पुढे असतो, वरून सुकलेलं आणि आत ओलं भांडं भट्टीत जाण्याचा. हाताला गार लागलं तर ते अजून ओलं आहे.

तडा वाचायला शिका

ठशाच्या कडेभोवती केसरेघांचं जाळं: उशिरा मारला. एकाच कोपऱ्यातून निघालेली सरळ रेघ: टोक धारदार, किंवा दाब जास्त. ठशांच्या ओळीतून आडवी जाणारी चीर: ठसे फार जवळ, किंवा पट्टा पातळ. आत रेघ आणि बाहेर काही नाही: आधार नव्हता. काठावरून उभी उतरणारी: काठ उघडा राहिला, ठशाचा संबंध असेल किंवा नसेल. बुडाच्या मध्यावर नागमोडी रेघ: चाकावर असताना बुड दाबलं नव्हतं, ठशाला उगाच बोलू नका.

भट्टीतून निघाल्यावर तड्याच्या कडा बघा. फाकलेल्या, जरा बोथट कडा असतील तर तो तडा सुकतानाच पडला होता, भट्टीने फक्त उघडा केला. कडा धारदार आणि तडा अगदी मिटलेला असेल, भांडं टिचकीला बद्द बोलत असेल, तर ते फार लवकर गार केलं.

दुरुस्तीबद्दल खोटी आशा नको. माती अजून लेदर-हार्ड असेल तर केसरेघ बुजवता येते: आतून आधार द्या, लाकडी काडीच्या बोथट टोकाने रेघेच्या दोन्ही बाजू एकमेकांकडे दाबा, पाणी न लावता. वरून घोळ फासून बुजवलेली रेघ सुकली की पुन्हा उघडते, कारण घोळात पाणी जास्त आणि त्यामुळे आकसणंही जास्त. पूर्ण सुकलेल्या भांड्यातला तडा व्हिनेगरमध्ये त्याच मातीची पूड कालवून भरतात. शोभेच्या वस्तूला ते चालून जातं, पाण्याच्या भांड्याला नाही. सुकलेलं भांडं तडकलं तर सरळ पाण्यात घाला, माती परत मळायला मिळेल. भाजल्यावर ती सोयही जाते.

आव्यात लावण्याआधी संशयाच्या भांड्यावर ब्रशने थोडं सर्जिकल स्पिरिट फिरवा, विस्तवापासून लांब. स्पिरिट पटकन उडतं, तड्यात गेलेलं मात्र रेंगाळतं, आणि डोळ्याला न दिसणारी रेघ ओली, गडद दिसते.

आवा

ठसेवाली भांडी आव्याच्या मध्यात, वाऱ्याच्या बाजूपासून लांब, साध्या भांड्यांच्या आडोशाला लावा. पऱ्हाट्या आणि तूरकाठ्या भडकन पेटतात, ठशाच्या पातळ जागा त्यात झटकन तापतात. सुरुवात गोवऱ्यांच्या मंद धगीने करा आणि ओला, पांढरा धूर निघणं थांबेपर्यंत आच वाढवू नका. विजेच्या भट्टीत १०० अंशांच्या खाली दोन-तीन तास थांबवा, पुढे ६०० अंशांपर्यंत तासाला १०० अंशांपेक्षा वेगाने चढू नका. उतरताना घाई केली की आधीची सगळी मेहनत जाते. आवा रात्रभर निवू द्या, राख हाताला सोसवेल तेव्हाच उकला.

घागर पाण्यासाठी असेल तर विकण्याआधी ती भरून रात्रभर ठेवा. सकाळी सगळं अंग सारखं दमट असावं. पाझर हा तर घागरीचा धर्म, त्यानेच पाणी गार होतं. पाझर एखाद्या ठशाच्या कोपऱ्यातच थेंब धरून खाली ओघळत असेल, तर तिथे रेघ आहे. ती घागर पाण्याला देऊ नका, बुडाला भोक पाडून कुंडी म्हणून खपवा.